संत अ‍ॅनचा कोरडा कोपरा

आमच्या कूर्बसोल गावाचं चर्च भर उन्हाळ्यातही थंडगार असतं, आणि हिवाळ्यात तर आत पाय ठेवला की गुडघे ठणकायला लागतात. म्हणून मी आपली म्हणायची, देवाला भेटायचं तर जूनमध्ये भेटावं, जानेवारीत त्यालाही आपली आठवण नसते. पण माझी वहिनी आर्मांद ऐकेल तर ना! रोज उजाडता उजाडता बाई घराबाहेर. एका हातात बादली, तीत फडकी, दुसऱ्या हातात चर्चची लाटण्याएवढी लोखंडी किल्ली.

मी खिडकीतून ओरडायची, "निघाली बघा संतीण! अगं, स्वर्गातली तुझी खुर्ची कुणी पळवत नाही, दमानं जा."

"तू झोप, नोएमी," ती मागे न बघता म्हणायची. "तुझ्या वाटचंही देवाकडे मागून येते."

मार्सलँ माझा थोरला भाऊ. पेशाने गवंडी, बोलायला कंजूष. त्याने नदीपलीकडची बायको आणली तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, आणि ते सरळ व्हायला बरीच वर्षं गेली. तिच्या हातची डाळ पातळ, तिचं हसणं मोठं, आणि नवऱ्याचं कौतुक तर इतकं, की ऐकणाऱ्याने उठून जावं. मूलबाळ झालं नाही त्यांना. मीही लग्न न करता पावाचं दुकान सांभाळत बसले. घरं शेजारीशेजारी, त्यामुळे दोघींचं आयुष्य एकमेकींना टोमणे मारण्यात गेलं. आता विचार करते तर वाटतं, तिच्याइतकं मी दुसऱ्या कुणाशी बोललेच नाही.

तर ते चर्च. किती जुनं, कुणाला धड ठाऊक नाही. डोंगरावरच्या मठातल्या साधूंनी बांधलं म्हणतात, आठ-नऊशे वर्षं तरी झाली असतील. काळाकुट्ट दगड, आमच्याच विझलेल्या ज्वालामुखीचा. बुटकं, जाडजूड, छपरावरसुद्धा दगडाच्या चिपा. मनोरा बांधायला साधूंकडे काही उरलं नसावं, म्हणून पुढची भिंतच वर चढवून तिच्यात कमानी ठेवल्या आणि कमानींत घंटा टांगल्या. घंटा दोन होत्या. फ्रेंच क्रांतीच्या वेळी एक तोफा ओतायला नेली, आणि दुसरी आमच्या कुठल्यातरी पूर्वजाने शेणखताच्या ढिगात पुरून वाचवली. हे आमच्या घरातला प्रत्येक माणूस दोन घोट वाइन पोटात गेली की सांगतोच. आत खांबांच्या माथ्यावर कोरलेली माणसं आहेत. खांद्यावर बोकड घेतलेला एक, दोन शेपट्यांची जलपरी, आणि गळ्यात थैली अडकवलेला एक चिक्कू माणूस, ज्याचं तोंड अगदी आमच्या जुन्या खाटकासारखं आहे. लहानपणी मिस्सेला, प्रार्थना चालू असताना, मी त्याच्याकडेच बघत बसायची.

ओल तेव्हाही होती, पण बेताची. दगडांच्या दरजांमधला चुना भुगा होऊन गळायचा, दर काही वर्षांनी कुणीतरी नवा भरायचा, संपलं. मग ते सिमेंटचं वेड आलं. सत्तर साल उजाडायच्या आधीची गोष्ट. जो तो सिमेंट लावतोय. घराला सिमेंट, गोठ्याला सिमेंट, डुकरांच्या कुंडीला सिमेंट. चुना म्हटलं की लोक हसायचे, म्हणायचे, म्हाताऱ्यांची कामं. गावाच्या मंडळाने ठरवलं, चर्चलाही एकदाचा सिमेंटचा गिलावा करून टाकू, म्हणजे नातवंडांना कटकट नको. काम साहजिकच मार्सलँकडे आलं. सगळा उन्हाळा तो परांचीवर होता. शरदात परांची उतरवली तेव्हा आमचं काळं खडबडीत चर्च कसं गुळगुळीत राखाडी दिसायला लागलं! आता तुम्ही नाकं मुरडाल, पण त्या दिवशी आम्हाला ते राजवाडा वाटलं. बिशप आले, पाणी शिंपडून गेले. लिंडनच्या झाडांखाली टेबलं मांडली, कोबी-डुकराचं कालवण शिजलं, आणि आर्मांद निळा झगा घालून भिंतीपाशी उभी. जो भेटेल त्याला सांगत होती, "ही माझ्या मार्सलँची भिंत बरं का." दाराच्या बाजूला ओल्या सिमेंटवर त्याने थापीच्या टोकाने आपली दोन अक्षरं आणि साल कोरलं होतं. तिने सगळ्या गावाला तिथे नेऊन ते दाखवलं. मलासुद्धा, जसं काही मला वाचताच येत नव्हतं.

त्या सिमेंटनेच भिंतीचा गळा आवळला. आता हे शेंबडं पोरही सांगेल. जुनी भिंत जमिनीतलं पाणी पिते, आणि चुन्याच्या दरजांतून ते बाहेर सोडून देते. बाहेरून सिमेंटने तोंड बंद केलं, मग पाणी जाईल कुठे? ते आत आलं. काही हिवाळे गेले आणि आतल्या भिंतींना घाम सुटायला लागला. मिठासारखा पांढरा लोणा फुटला, पोपडे सुटले, फरशीवर थारोळी. पण हे गावाने पाहिलंच नाही. कारण ते सगळ्यात आधी आर्मांदने पाहिलं होतं.

मला हे कधी कळलं, तर मार्सलँ गेला तेव्हा. दफनाच्या दिवशी सकाळी घरात माणसं जमलेली, शवपेटी मधल्या खोलीत, आणि विधवेचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आजच्या दिवशी तरी हिने देवदेव आवरते घ्यायचे होते. तरातरा चर्चमध्ये गेले. बघते तर काय, काळा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, बाई स्टुलावर चढून भिंत पुसतेय. खाली बादली भरलेली. फडकं पिळलं की पाण्याची धार लागत होती.

"वहिनी, वेड लागलं का तुला? तो तिकडे एकटा पडलाय, आणि तू इथे..."

"दार लाव आधी," ती म्हणाली. "लाव म्हणते ना!"

मी दार लावलं. मग तिने सांगितलं, सगळं, फडकं न थांबवता. कितीतरी वर्षं रोज पहाटे ती भिंत पुसत होती. लोणा खरवडत होती, पोपडे झाडून खड्ड्यात टाकत होती, चुन्याचा हात फिरवत होती. जुन्या घंटाकऱ्याच्या विधवेकडून किल्ली मागून घेतली ती त्याचसाठी. भक्ती कसली न् काय कसलं!

"लोक आज त्याच्या पेटीमागे उभे राहतील," ती म्हणाली, "आणि समोर काय बघतील? त्याच्याच हाताने नासवलेली भिंत. आजच्या दिवशी नको गं, नोएमी. त्याला काही कळलं नाही शेवटपर्यंत. आता दुसऱ्या कुणालाही कळायला नको. मी मरेपर्यंत तरी नको."

मी बाह्या सरसावल्या आणि दुसरं फडकं उचललं. त्या दिवशी आम्ही दोघी ओल्या हातांनीच पेटीमागून चाललो.

तेव्हापासून माझीही झोप गेली. ती वर, मी खाली. ती पुसायची, मी बादल्या रिकाम्या करायची आणि कुरकुर करायची. कंबर धरायची, बोटं सुजायची. फादर आता बारा गावांचे मिळून एकच. दोन महिन्यांतून एकदा येणार, घाईघाईने मिस्सा उरकून गाडीत बसणार. शाळा बंद, कॅफे बंद, माझं पावाचं दुकानही बंद झालं. कुणासाठी पुसतोय आपण, असं मी विचारायची. ती म्हणायची, "पुस." ती कधी म्हणाली नाही की दमले. मीच आपली रोज म्हणायची, दोघींच्या वाटचं.

एकाच जागी फडकं लागायचं नाही. उत्तरेच्या भिंतीला कोपऱ्यात संत अ‍ॅनची वेदी आहे, मारियेच्या आईची. तो कोपरा कोरडा ठणठणीत. आर्मांद मला तिथे नेऊन भिंतीला हात लावायला लावायची.

"पूर्वी हीच जागा सगळ्यात वाईट होती," ती सांगायची. "इथेच स्टूल सरकलं आणि मनगट मोडलं माझं. तुला आठवतं?"

आठवणार कसं नाही! त्या हिवाळ्यात ती हात गळ्यात बांधून फिरत होती. सगळ्यांना सांगितलं, चर्चच्या पायरीवर बर्फ होतं, पाय घसरला. मार्सलँलाही तेच. तो काही बोलला नव्हता. बोलणार कसा, बोलायचंच नव्हतं त्या माणसाला कधी. मनगट बरं होईपर्यंत तिची भांडी मात्र त्याने घासली होती.

"तेव्हा मी संत अ‍ॅनसमोर रडले," आर्मांद म्हणाली. "म्हटलं, बाई, तू तरी बघ. आणि वसंतात हा कोपरा सुकायला लागला बघ! आधी हाताएवढा. मग दर वर्षी थोडा थोडा पुढे. वाटलं, ती अशीच सगळी भिंत सुकवणार. पण मार्सलँ जायच्या आधी, त्याचं हृदय बिघडलं ना त्या साली, ते थांबलं. तिथेच अडलं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"संतांनाही निवृत्ती लागत असेल," मी म्हणाले. तिला हसू आलं नाही. बागेत जे फुलेल ते ती त्या वेदीवर नेऊन ठेवायची, आणि माझे डेलियासुद्धा न विचारता तोडायची.

मग गेल्या वसंतात जे व्हायचं ते झालं. एका बाप्तिस्म्याला शहरातली पाहुणेमंडळी आली होती. फादरने पाण्यात हात घातला आणि छताचा एक भला मोठा पोपडा दणकन खाली आला. नशीब, रिकाम्या बाकावर. बाळ किंचाळलं, आजी किंचाळली, आणि आमचा मेयर रेजी, जो लहानपणी माझ्या दुकानातून गोळ्या चोरायचा, तो पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी दारावर 'प्रवेश बंद'ची पाटी.

"काकू, किल्ली द्या," तो आर्मांदच्या दारात टोपी हातात घेऊन म्हणाला. "माझा नाइलाज आहे. शहरातून जुन्या इमारतींच्या जाणकार बाई येणार आहेत. त्या सांगतील काय ते."

"काय सांगतील?"

"हेच, की भिंत कशाने नासली."

आर्मांदने किल्ली दिली नाही. म्हणाली, त्या येतील तेव्हा मीच उघडेन. त्या आठवड्यात तिने अन्नाला हात लावला नाही. सूप नेलं तर तसंच ठेवून द्यायची. "त्याचं नाव तिथे दाराशीच कोरलंय, नोएमी," एवढंच म्हणायची. मी म्हटलं, छिन्नी आणते आणि खरवडून टाकते ते नाव, हाय काय अन् नाय काय. तर माझ्यावर डोळे वटारले. "हात तर लावून बघ!" काय करावं या बाईचं! नाव राहायला हवं, पण त्याला डाग नको.

जाणकार बाई आल्या. मादाम लोरिए, तरुण, पायात चिखलाचे बूट. मला उगीचच वाटलं होतं उंच टाचांची कुणी येईल. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, कान लावला, एक यंत्र टेकवलं, आणि सरळ म्हणाल्या, "सिमेंट. या भागातल्या सगळ्या जुन्या चर्चना हेच झालंय. भिंत आतल्या आत कुजलीय. कधी केलं, कुणी केलं?"

रेजी बुटांकडे बघायला लागला. अक्षरं दारापाशी होती, तो ती रोज बघत होता. मी तोंड उघडणार होते, काहीतरी थाप मारणार होते, तेवढ्यात आर्मांद पुढे झाली. काठी टेकून उभी, आवाज अगदी सपाट.

"माझ्या नवऱ्याने. मार्सलँने. गावाने सांगितलं, त्याने केलं. मन लावून केलं."

"तेव्हा सगळेच करत होते, मादाम," त्या बाई मऊपणे म्हणाल्या. "त्यांचा दोष नाही."

पण आर्मांदला ते ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. ती पहिल्याच बाकावर बसली आणि हात मांडीवर ठेवले. इतकी वर्षं ज्यासाठी मर मर मेली, ते एका वाक्यात उघड्यावर पडलं. मला इतका राग आला म्हणून सांगू! कुणाचा, ते मलाही कळेना.

बाई मात्र संत अ‍ॅनच्या कोपऱ्यात थबकल्या होत्या. यंत्र एकदा टेकवलं, पुन्हा टेकवलं. "हा भाग कोरडा कसा?"

"संत अ‍ॅनची कृपा," मी म्हटलं. कुजकटच म्हटलं.

"या भिंतीच्या मागे काय आहे?"

मागे काय असणार? चर्चची भिंत आणि जुन्या पाद्रीवाड्याचं कुंपण यांच्यामध्ये एक बोळ आहे. खाजकुयली, एल्डरची झुडपं आणि आयव्हीच्या वेलींचा नुसता पडदा. कुत्रंही जात नाही. जायचं तर स्मशानातून, आमच्या आईवडिलांच्या कबरीमागून वाट. बाई रेजीचा विळा घेऊन गेल्यासुद्धा. थोड्या वेळाने हाक आली, "अहो, इकडे या सगळे! हे कुणी केलंय?"

मी आर्मांदला हाताला धरून नेलं. खाजकुयली झगे धरून ठेवत होती. बाईंनी आयव्ही बाजूला ओढली होती, आणि तिथे सिमेंट नव्हतंच. आमचा जुना काळा दगड होता, लहानपणी बघितलेला, आणि दरजा चुन्याने भरलेल्या.

"एकेक दरज हाताने मोकळी केलीय," बाई सांगत होत्या. "दगडाला ओरखडा नाही. आणि हे बघा, हा चुना पिवळट, हा पांढरा, हा करडा. दर खेपेला थोडं थोडं काम झालंय, कित्येक वर्षं. एकट्या माणसाचं. फार सुंदर काम आहे. पण इथे येऊन थांबलंय."

थांबलं होतं तिथे सिमेंटची कड अर्धवट तुटलेली होती. तिच्या वर, परांचीची बल्ली खुपसायला साधूंच्या गवंड्यांनी ठेवलेलं एक चौकोनी भोक. त्यात एक थापी होती, गंजून लाल झालेली. रेजीने काढून पुसली. लाकडी मुठीवर तीच दोन अक्षरं डागलेली होती.

माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. काम सोडल्यावर मार्सलँ रोज दुपारी स्मशानात जायचा. विचारलं तर म्हणायचा, म्हाताऱ्यांच्या कबरींची डागडुजी करतो. ठकठक ऐकू यायची, गाव म्हणायचं, बघा कसा गुणी मुलगा. हात चुन्याने पांढरे करून यायचा, आणि आर्मांद त्याला दारातच झापायची, "बूट बाहेर काढ! मेलेल्यांची एवढी सेवा, जिवंत बायकोची फरशी दिसत नाही का?" तो मुकाट्याने बूट काढायचा.

आर्मांदने भिंतीवर हात ठेवला. ती आधी चुना चाचपत होती, मग दगड, मग पुन्हा चुना. मध्ये फक्त ती भिंत. पहाटे आतून ही, दुपारी बाहेरून तो.

"इथेच," ती म्हणाली. "इथेच सुरुवात केली त्याने. मी जिथे पडले तिथे. त्याला माहीत होतं, नोएमी. पायरीवरचं बर्फ काही त्याने मानलं नाही. त्याला सगळं माहीत होतं."

आणि मग ती संतापली. माझ्या उभ्या जन्मात मी तिला मार्सलँवर अशी संतापलेली पाहिली नाही. काठी भिंतीवर आपटली. "मूर्ख माणूस! गाढव! सांगायला काय झालं होतं? मी शिडी धरली असती! चुना कालवून दिला असता! बिघडलेलं हृदय घेऊन एकटा इथे काट्याकुट्यात... आणि मी तिकडे त्या बाईला फुलं वाहतेय, कोपरा सुकला म्हणून! तीही कशी, एक अक्षर बोलली नाही!"

मी तिला धरलं. ती रडत होती आणि शिव्या देत होती, दोन्ही एकदम. मीही रडले, सांगायला लाज कसली. माझा तो मुका भाऊ, आणि ही त्याची तोंडाळ बायको. घर एक, भिंत एक, आणि दोघांनी एकमेकांपासून लपवलं काय, तर एकमेकांसाठी केलेले कष्ट.

बाई जायला निघाल्या तेव्हा आर्मांदने किल्ली रेजीच्या हातात ठेवली. बाईंना म्हणाली, "काढा ते सिमेंट. सगळं काढा, नावासकट. फक्त तो थांबला तिथून सुरुवात करा. तेवढं माझं ऐका." त्यांनी मान डोलावली, आणि काम पुढच्या उन्हाळ्यात त्याच कडेपासून सुरू करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सवयीने मला पहाटेच जाग आली. किल्ली दिली तरी ही बादली घेऊन निघणारच, म्हणून खिडकीशी उभी राहिले. रस्त्यावर कुणी नाही. ऊन लिंडनच्या शेंड्यावर आलं तरी कुणी नाही. शालही न घेता तिच्या घरी धावले. बादली ओट्याखाली पालथी, फडकी वाळत घातलेली, आणि वहिनी अंथरुणात, डोळे उघडे.

"काय गं?" मी म्हटलं. "बरं नाही का? डॉक्टरला बोलावू?"

"नको," ती म्हणाली. "काही झालं नाही. दमले गं मी, नोएमी. फार दमले."

मी तिची रजई नीट केली आणि कॉफी ठेवायला गेले. कॉफी होईपर्यंत तिला झोप लागली होती.